तडजोडीचा सल्ला

घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करण्यासाठी संसदेने २००५ साली कायदा केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. या कायद्याची सारी इमारत ज्या एका खांबावर उभी आहे तो खांब म्हणजे 'संरक्षण अधिकारी'. मार खाणारी स्त्री आणि न्यायालय यांच्यामध्ये दुवा म्हणून उभा राहणारा हा सरकारी नोकर प्रत्येक जिल्ह्यात असलाच पाहिजे, आणि होता होईल तो ती स्त्रीच असावी, असे कायद्याने स्पष्ट सांगितले आहे. असे असता, कायदा होऊन वीस वर्षे व्हावयास आली तेव्हा, म्हणजे २० मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारांना बजावावे लागले की, जेथे जेथे असे अधिकारी नेमलेले नाहीत तेथे ते सहा आठवड्यांच्या आत नेमावेत. वीस वर्षांत जे घडले नाही ते सहा आठवड्यांत करून दाखवा, असे देशातील सर्वोच्च न्यायपीठाला म्हणावे लागते, यात सरकारांच्या कर्तबगारीचे जे चित्र दिसते त्यावर निराळे भाष्य करण्याचे कारण नाही. या हुकमाच्या बातमीने कोठे सभा भरल्याचे वा मोर्चा निघाल्याचे मात्र आमच्या पाहण्यात आले नाही. स्त्रियांवरील अत्याचारांच्या प्रश्नावर आपल्या समाजाला संताप येतो तो कोणत्या क्षणी आणि येत नाही तो कोणत्या क्षणी, याचा विचार करावयाचा तर येथूनच आरंभ करावा लागेल.

हा संरक्षण अधिकारी नेमके करतो काय, हे सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून ते थोड्या विस्ताराने सांगणे अवश्य आहे. फौजदारी कायद्याचा मार्ग पोलीस ठाण्यावरून जातो. तेथे गुन्हा नोंदवावा लागतो, नवऱ्याला अटक होते किंवा होत नाही, आणि खटला कित्येक वर्षे चालतो. तोपर्यंत बाईने राहावयाचे कोठे, खावयाचे काय, मुलांच्या शाळेचे कसे, याचे उत्तर त्या मार्गावर मिळत नाही. २००५ च्या कायद्याने नेमके हेच उत्तर देण्याचा प्रयत्न केला. पत्नीच केवळ नव्हे, तर लग्नासारख्या नात्याने एकत्र राहणारी स्त्री, आई, बहीण, मुलगी या सर्वांना त्याचा आश्रय घेता येतो. हाताने मारणे एवढाच त्यात हिंसाचार मानलेला नाही. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि हातात पैसा न ठेवणे यांचाही त्यात समावेश आहे. ज्या घरात ती राहते ते घर तिच्या नावावर नसले तरी तेथून तिला हुसकून लावता येत नाही. ते घर सासऱ्याच्या मालकीचे असले तर काय, या प्रश्नावर पूर्वी तिच्या विरुद्ध जाणारा निकाल होता. तो २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेच दुरुस्त केला. अर्ज आल्यापासून शक्यतो तीन दिवसांच्या आत पहिली तारीख द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्जाचा निकाल लावण्याचा यत्न करावा, असे न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले आहे. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेविली आहे.

या सर्व तरतुदी संरक्षण अधिकाऱ्याच्या लेखणीतून जिवंत व्हावयाच्या. स्त्रीची हकीकत ऐकून घेणे, तिचा अहवाल विहित नमुन्यात लिहून न्यायालयाला पाठविणे, दवाखान्यात नेणे, आश्रयगृहात जागा मिळवून देणे, मोफत वकील मिळवून देणे आणि हुकूम झाल्यावर तो पाळला जातो की नाही यावर नजर ठेवणे, ही सर्व कामे त्याची. वकिलाची फी देण्याची ऐपत नसलेल्या बाईला न्यायालयाची पायरी चढता यावी म्हणून ही योजना आहे. आणि प्रत्यक्षात काय झाले? अनेक राज्यांत हे पद स्वतंत्र ठेविलेच गेले नाही. आधीच दुसऱ्या कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अधिकाऱ्याच्या पदनामापुढे 'अतिरिक्त कार्यभार' हे शब्द जोडून सरकारे मोकळी झाली. सर्वोच्च न्यायालयाचा ताजा हुकूमही महिला व बालविकास खात्यातील जिल्हा व तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्यांतूनच असे अधिकारी नेमा असे सांगतो. म्हणजे रिकामी खुर्ची भरली जाईल, परंतु त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या मेजावर अंगणवाड्यांच्या फायलींचा ढीग तसाच राहील. ज्या अधिकाऱ्याला गाडी नाही, शिपाई नाही, आणि महिन्याचे दहा दिवस बैठकांना जावे लागते, त्याच्याकडे रात्री अकरा वाजता मुलाला कडेवर घेऊन बाहेर पडलेल्या बाईने कोणत्या भरवशावर जावे?

याउलट शिक्षेच्या बाबतीत आपले कायदेमंडळ कधीच मागे राहिलेले नाही. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, जबाबासाठी बोलाविलेल्या एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप आला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, सबब तिने प्रतिकार केला नाही, सबब तिची संमती होती, अशी ती तर्कसरणी होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून त्या निकालाची चिरफाड केली. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली व १९८३ साली कायदा बदलला. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले त्यानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अवघ्या एकोणतीस दिवसांत आपला अहवाल सादर केला. त्या अहवालात पोलिसांची सुधारणा होती, लग्नसंबंधातील जबरदस्तीलाही बलात्कार समजावे अशी शिफारस होती, आणि फाशीची शिक्षा नको असेही म्हटले होते. सरकारने काय घेतले? फाशी घेतली, आणि लग्नसंबंधातील जबरदस्तीचा अपवाद जसाच्या तसा ठेविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायमच आहे. शिक्षा वाढविण्यास सरकारला खर्च येत नाही, राजपत्राचे एक पान पुरते. संरक्षण अधिकारी नेमावयाचा तर पगार द्यावा लागतो.

संताप हा नेहमी अनोळखी नराधमाचा शोध घेत असतो. आकडे मात्र वेगळीच हकीकत सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदलेले आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, 'पती अथवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता' या सदराखालचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याच्या मारहाणीचा वा लैंगिक जबरदस्तीचा अनुभव सांगितला. चौघींतली एक! पुरोगामी म्हणून आपण ज्याचा उठता-बसता गौरव करतो, ज्या भूमीत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी फसलेल्या विधवांसाठी आपल्या घरचे दार उघडले, त्या महाराष्ट्राची ही अवस्था आहे. याच पाहणीतील आणखी एक आकडा आम्हाला यापेक्षाही अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. देशात ज्या स्त्रियांना अशी हिंसा सोसावी लागली त्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाचीही मदत मागितली नाही व कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. आणि त्यांनी ती मागितली ती बहुधा माहेरच्या माणसांकडे. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या अगदी विरळा.

तेव्हा प्रश्न हा आहे की, जी पहिल्यांदा तोंड उघडते तिला पहिले उत्तर कोणते मिळते. आमच्या समजुतीप्रमाणे ते उत्तर गावोगावी आणि घरोघरी एकच आहे: 'जरा सांभाळून घे.' आई हेच सांगते, मोठी जाऊ हेच सांगते. पोलीस ठाण्यातील हवालदारही पुष्कळदा हेच सांगतो, फक्त त्याच्या भाषेत: 'मिटवून घ्या बाई, घरचे प्रकरण आहे.' भांड्याला भांडे लागावयाचेच, झाकली मूठ सव्वा लाखाची, घरची अब्रू चव्हाट्यावर कशाला, अशा म्हणींची या कामी आपल्या भाषेत मुळीच वाण नाही. तडजोड हा शब्द ऐकावयास गोड आहे. परंतु तडजोडीत दोन्ही पक्षांनी काही ना काही सोडावयाचे असते. येथे बाईने तक्रार सोडावयाची आणि नवऱ्याने काय सोडावयाचे हे कोणी विचारीतही नाही.

पोलीस ठाण्याचे दार कसे उघडते याचा नमुना ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना ती नोंदविली जाण्यासाठी अकरा-बारा तास ताटकळावे लागले. नंतर २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. महिन्याभरात, २३ सप्टेंबर रोजी, पोलिसांच्या ताब्यात असलेला आरोपी पोलिसांच्याच गोळीने मरण पावला आणि अनेकांनी त्याचे जाहीर स्वागत केले. आम्हाला त्यात स्वागतार्ह काही दिसत नाही. पालकांनी मागितली होती ती नोंद, वेळेवर केलेला पंचनामा, आणि मुलींना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारावे न लागता चाललेला खटला. यापैकी पहिलीच गोष्ट देण्यास ज्या यंत्रणेला अर्धा दिवस लागला तिने अखेर जे दिले ते कोणी मागितलेलेच नव्हते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घेतला पाहिजे हे आता नव्या संहितेत लिहिलेले आहे. तथापि 'ही आमची हद्द नव्हे' हे वाक्य ज्यांच्या जिभेवर तीस-तीस वर्षे बसले आहे त्यांच्यापुढे ही संहिता कोण उघडून धरणार, हा प्रश्न उरतोच.

सगळेच चित्र काळे आहे असे मात्र नाही, आणि जे बरे आहे ते याच मुंबई शहरात आरंभले गेले हे सांगताना समाधान वाटते. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसाच्या शेजारी प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने बसावे, बाईचे म्हणणे आधी तिने ऐकावे व मग तक्रारीचे, घराचे, पोटगीचे काय ते ठरावे, ही कल्पना साधीच. पण ती टिकली आणि पुढे राज्यभर पसरली. दुसरा प्रयोग दवाखान्यातला. मारहाण झालेली बाई पोलिसांकडे जात नाही, वकिलाकडे जात नाही, परंतु हात मोडला तर इस्पितळात जावेच लागते. तेथे ती सांगते, 'जिन्यावरून पडले', 'न्हाणीघरात पाय घसरला'. घाईत असलेला डॉक्टर तेच लिहून घेतो, प्लास्टर घालतो व पुढच्या रुग्णाकडे वळतो. पंचवीस वर्षांपूर्वी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका व 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' हे केंद्र सुरू केले ते हे ओळखूनच. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत, हे परिचारिकेला दिसत असतेच. दिसले ते विचारावे कसे आणि लिहावे कसे, हे तिला तेथे शिकविण्यात आले. पुढे पालिकेच्या इतर काही रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. त्या वेळी झालेली ती एक नोंद दोन वर्षांनी न्यायालयात किती मोलाची ठरते हे वकिलांना विचारावे. वैद्यकीय व्यवसायाने आपल्या ज्ञानाचा याउलट कसा वापर केला त्याचेही एक उदाहरण आहेच. अत्याचारित स्त्रीच्या अंगाची 'दोन बोटांची' तपासणी करून तिच्या चारित्र्याविषयी अनुमान काढण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निषिद्ध ठरविली. २०२२ साली तीच गोष्ट त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावी लागली, कारण तपासणी चालूच होती.

आता एका आक्षेपाचा परामर्ष घेतला पाहिजे, कारण तो आमच्या वाचकवर्गातच अधिक ऐकू येतो. स्त्रिया या कायद्यांचा दुरुपयोग करतात, रागाच्या भरात साऱ्या घराला, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना, परगावी असलेल्या नणंदेलाही तक्रारीत गोवतात, असे म्हटले जाते. अशी प्रकरणे घडत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये असे सांगितले तेव्हा त्यात गैर काही नव्हते. अटक हे शस्त्र कोणाच्याही बाबतीत सरसकट वापरू नये. परंतु जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची जी मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्यास सांगितले, त्यांनुसार, गंभीर दुखापतीसारखी प्रकरणे वगळता, तक्रारीनंतर दोन महिने अटक करावयाची नाही आणि प्रकरण कुटुंब कल्याण समितीपुढे ठेवावयाचे आहे. २०१७ साली नेमावयास सांगितलेल्या अशाच समित्या २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेच गैरलागू ठरविल्या होत्या. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून आम्हास असे विचारावेसे वाटते की, या दोन महिन्यांत त्या बाईने झोपावयाचे कोणाच्या छताखाली? ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्याच?

आणि दुरुपयोगाची चिंता ज्यांना खरोखर वाटते त्यांनीच २००५ च्या कायद्याचा पुरस्कार सर्वांच्या आधी केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या कायद्यात आरंभी कोणाला अटक होत नाही, कोणाच्या नोकरीवर गदा येत नाही, म्हाताऱ्या सासूला कोठडीत बसावे लागत नाही. मारू नकोस, घराबाहेर काढू नकोस, खर्चाला इतके दे, एवढाच हुकूम होतो. हा मार्ग तालुक्या-तालुक्यात सुरळीत चालला असता तर कित्येक स्त्रियांना फौजदारी तक्रारीचा आधार घ्यावाच लागला नसता. जवळचे दार बंद ठेवावयाचे आणि मग बाई दूरचे दार जोराने का ठोठावते म्हणून तिला दोष द्यावयाचा, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

सरकारला बोल लावणे सोपे आहे आणि तो लावलाच पाहिजे. पण माहेरच्या दाराचे काय? मदत मागणारी बाई आधी तेथेच जाते हे आपण पाहिले. 'दिल्या घरी सुखी राहा' हा आशीर्वाद देताना, तेथे सुख नसले तर काय करावयाचे हे आपण मुलीला कधी सांगत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. परंतु वडिलांच्या मागे सात-बाऱ्यावर वा सदनिकेच्या कागदांवर नावे चढविण्याची वेळ येते तेव्हा बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची चाल सुशिक्षित घरांतही बिनदिक्कत चालू आहे. 'भावाशी वाईटपणा नको, माहेर तुटायला नको' म्हणून ती सही करते. पुढे एखाद्या रात्री तिला त्या घराची गरज लागते तेव्हा ती तेथे पाहुणी असते, आणि पाहुणीने किती दिवस राहावे याचे संकेत ठरलेले आहेत. आठवड्याभराने वडीलधारे जावयाशी बोलतात, तो मान खाली घालून 'पुन्हा होणार नाही' म्हणतो, आणि तिची बॅग भरली जाते. वडिलांच्या घरातील एक खोली जिच्या नावावर आहे तिला 'सांभाळून घे' असे सांगणे इतके सोपे जात नाही.

चाळीत निदान भिंती पातळ होत्या. शेजारणीला ऐकू जाई, कोणी तरी कडी वाजवी, कोणी लहान मुलाला आपल्या खोलीत नेऊन जेवू घाली. नव्या इमारतींच्या बंद दारांमागे तेवढाही आधार उरलेला नाही, आणि 'आपल्याला काय करायचे आहे' ही वृत्ती तेथे सभ्यतेचे लक्षण समजली जाते. १८१ या क्रमांकावर शेजाऱ्यालाही दूरध्वनी करता येतो. हिंसाचाराची माहिती सद्‌हेतूने देणाऱ्यावर कायद्याने कोणतीही जबाबदारी येत नाही, हे २००५ च्या कायद्यातच लिहिलेले आहे. ज्यांनी काही वर्षे वर्गावर शिकविण्याचे काम केले आहे त्यांना सोमवारी सकाळी येणारे एक मूल ओळखीचे असते. त्याचा गृहपाठ झालेला नसतो, आवाज चढला की ते दचकते, आणि कारण विचारले तर बाकाकडे पाहत राहते. त्याला छडी मारणे किंवा वहीवर शेरा लिहिणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हे शिक्षकाला कळते. कोणाला कळवावयाचे हे मात्र त्यालाही ठाऊक नसते. याच पाहणीत देशातील ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरविले आहे. ते मूल मोठे होऊन या टक्केवारीत कोणत्या बाजूला जाईल?

सर्वोच्च न्यायालयाने दिलेली सहा आठवड्यांची मुदत केव्हाच संपली आहे. महाराष्ट्र सरकारने आता पुढील गोष्ट करावी: राज्यातील प्रत्येक तालुक्याच्या व मुंबईतील प्रत्येक विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव, कचेरीचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, शाळेत आणि शिधावाटप दुकानात ठळक अक्षरांत लावावा. त्यांपैकी कितीजण याच कामासाठी नेमलेले आहेत आणि कितीजण अतिरिक्त कार्यभार वाहत आहेत, हेही जाहीर करावे. आणि विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात आमदारांपैकी कोणीतरी, सत्तारूढ पक्षाचा असो की विरोधी, महिला व बालविकासमंत्र्यांना एवढाच तारांकित प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी या कायद्याखाली किती अर्ज आले, त्यांपैकी कितींना तीन दिवसांत पहिली तारीख मिळाली आणि साठ दिवसांत कितींचा निकाल लागला? जिल्हावार उत्तर मागावे. ते आले म्हणजे आम्ही ते याच जागी छापू.